तुम्ही कुठले?

जून सरून जुलै लागला, भातखाचरांत पाणी उभे राहिले आणि पालघर स्टेशनच्या जिन्यावर नव्या पिशव्या खांद्यास लावलेल्या मुलामुलींची गर्दी दिसू लागली, म्हणजे कॉलेजांचे वर्ष सुरू झाले असे समजावे. पदवीच्या पहिल्या वर्गात नाव घातलेल्या या मुलांचा पहिला आठवडा मोठा विलक्षण असतो. कोणता तास कोणत्या खोलीत आहे याचा पत्ता नसतो. सोमवारी लागलेले वेळापत्रक बुधवारी बदलते. शाळेत ज्याला सारे ओळखत होते त्याला येथे शिपाईसुद्धा ओळखत नाही. या आठवड्यात विद्यार्थ्यांनी कसे वागावे याविषयी उपदेश करणारे लेख दरवर्षी निघतात, व त्यांत वेळेचा सदुपयोग, ग्रंथालय, सुसंगती इत्यादी विषयांचा परामर्श यथास्थित घेतलेला असतो. त्यांत भर घालावी असे आम्हांस वाटत नाही. आमच्या मनात घोळत आहे तो एक अगदी लहान प्रश्न. इतका लहान, की आपण काही विचारले याचे विचारणाऱ्याला स्मरणही राहत नाही. नव्या विद्यार्थ्यास तो या आठवड्यात दहावीस वेळा तरी विचारला जातो. ‘तू कुठला रे?’ असे शेजारचा मुलगा विचारतो, ‘तुम्ही कुठले?’ असे प्राध्यापक हजेरीच्या वेळी विचारतात.

प्रश्न वरवर पाहता सौजन्याचा आहे, आणि पुष्कळदा तो सौजन्यानेच विचारला जातो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्या समाजात तो एकटा कधी येत नाही. त्याच्या मागोमाग ‘आडनाव काय?’ हा येतो. मग ‘वडील काय करतात?’, मग ‘कोणत्या मीडियमचा?’, आणि या चार उत्तरांची बेरीज करून विचारणारा मनातल्या मनात जे गणित मांडतो ते आपल्याकडे प्रत्येकास लहानपणापासून येते. ते आपल्यास येत नाही असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. तेव्हा विचार करावयाचा तो असा: ज्या प्रश्नाचा उपयोग आपले वजन करण्यासाठी होणार आहे, त्याला खरे उत्तर देण्यास मनुष्य नीतिदृष्ट्या बांधलेला आहे काय? आणि जो ते देत नाही त्याने असत्याचे पाप केले असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न सर्वत्र आहे. परंतु पालघर, बोईसर व तारापूर या टापूत तो जितका उघड दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या पश्चिमेस समुद्र, पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर, आणि मधून रेल्वेची वाट. येथील एखाद्या वर्गाची कल्पना करावी. एका बाकावर सातपाटीच्या मच्छीमाराची मुलगी बसली आहे. दुसऱ्यावर केळवे-माहीमकडचा वाडवळाचा मुलगा आहे, त्याच्या घरी पानवेलीची बाग. तिसऱ्यावर विक्रमगडकडील वारली मुलगा, आश्रमशाळेत शिकून आता आदिवासी वसतिगृहात राहणारा. चौथ्यावर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या उत्तर प्रदेशी कामगाराचा मुलगा आहे. त्याचा जन्म येथलाच. पण ‘गाव कुठले?’ असे विचारताच त्याला दोनदा पाहिलेल्या एका दूरच्या जिल्ह्याचे नाव सांगावे लागते. पाचव्यावर अणुवीजकेंद्राच्या वसाहतीतून आलेली, सारे शिक्षण इंग्रजीतून झालेली मुलगी. हे केंद्र देशातील पहिले. ते १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावे उठविण्यात आली, आणि ते संच २००५ व २००६ या वर्षांत चालू झाले. त्या गावांतील घराण्यांत त्यानंतर जन्मास आलेली मुले आता कॉलेजात येण्याच्या वयाची झाली आहेत. ‘तू कुठला?’ याला त्यांनी काय उत्तर द्यावे? ज्या गावाचे नाव ती सांगतील ते गाव, ते जेथे होते तेथे, त्यांनी कधी पाहिलेलेच नाही.

सोमवारी ही सारी मुले खरी उत्तरे देतात. शुक्रवारपर्यंत उत्तरे बदलू लागतात. जव्हारच्या पलीकडचा पाडा सांगणारा मुलगा नुसते ‘जव्हार’ म्हणतो. पुढे ‘पालघरलाच राहतो’ म्हणतो, आणि वसतिगृह पालघरात असल्यामुळे ते खोटेही नसते. बापाचा धंदा ‘मासेमारी’ होता तो ‘बिझनेस’ होतो. बोईसरहून मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्यांची तऱ्हा थोडी निराळी. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून ही मुले पहाटेच्या अंधारात घर सोडून अंधेरी-पार्ल्यापर्यंत जातात. तेथे त्यांना कोणी विचारले, की ती ‘विरारच्या पुढे’ असे सांगतात. विरारच्या पुढे किती, हे सांगत नाहीत. मुंबईकराच्या लेखी विरारच्या पुढे पृथ्वी संपते, तेव्हा अधिक तपशिलाची त्यालाही गरज वाटत नाही. भाषेचेही तसेच. घरी वाडवळी, मांगेली किंवा वारली बोलणारा विद्यार्थी वर्गात तोंड उघडण्यापूर्वी वाक्य दोनदा मनात जुळवून पाहतो, आणि पुष्कळदा तेवढ्यात विषय पुढे गेलेला असतो. त्याला अबोल म्हणतात. वास्तविक तो भाषांतर करीत असतो.

अशा वेळी नीतीचा उपदेश करणाऱ्यांस छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा हटकून आठवते. कॉलेजातील पहिल्या दिवसाची इतकी जुनी कथा आपल्या वाङ्मयात दुसरी नसेल. सत्यकामाला गुरूकडे जावयाचे आहे. तो आईला आपले गोत्र विचारतो. ती सांगते, तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करीत हिंडत असता तू मला झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असे सांग. हारिद्रुमत गौतमाने गोत्र विचारताच मुलगा हे सारे जसेच्या तसे सांगतो, आणि गुरू प्रसन्न होऊन त्याला समिधा आणावयास पाठवितो. तात्पर्य, खरे बोला. सारे ठीक होईल.

परंतु ही कथा लक्षपूर्वक वाचणाऱ्याला येथे थांबता येत नाही. गौतम प्रसन्न झाला तो काय म्हणून? असे बोलणे ब्राह्मणाखेरीज दुसऱ्याच्या हातून व्हावयाचे नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे गोत्राचा प्रश्न त्याने मागे घेतला नाही. मुलाच्या सत्यवचनातच त्याला त्या प्रश्नाचे उत्तर सापडले. गुण दिसला तो त्याने कुळाच्या खात्यावर जमा केला. आता याच्या शेजारी कर्णाची कथा ठेवावी. महाभारताच्या शांतिपर्वात ती आली आहे. द्रोणाने ब्रह्मास्त्र नाकारल्यावर कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामाकडे गेला. परशुरामानेही गोत्र विचारूनच त्याला ठेवून घेतले, आणि कर्णाने आपण भार्गव ब्राह्मण असल्याचे सांगितले. पुढे गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून निजला असता किड्याने मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताच्या स्पर्शाने परशुराम जागा झाला आणि म्हणाला, हे सोसणे ब्राह्मणाचे नव्हे. शापाची कथा सर्वश्रुत आहे. एका गुरूने सत्य पाहिले आणि म्हटले, हा ब्राह्मणच. दुसऱ्याने धैर्य पाहिले आणि म्हटले, हा ब्राह्मण नव्हेच. दोघांचे शिष्य भिन्न, उत्तरे भिन्न, फळेही भिन्न; मोजण्याचे माप मात्र एकच होते. सत्यकाम तरला याचे कारण त्याचे सत्य त्या मापात बसले. ते बसले नसते तर? उपनिषद याविषयी मौन पाळते, आणि आपले नीतिपाठही.

म्हणून कर्णाचे असत्य हे केवळ कर्णाचे असत्य नव्हते, असे आमचे मत आहे. दाराशी बसलेल्याने जो कर मागितला तो त्याने खोट्या नाण्यात दिला. कर न्याय्य होता काय हे आधी पाहिले पाहिजे. हा पुराणातला वितंडवाद आहे असे कोणास वाटेल तर त्यांनी १९१७ सालचे बडोदे आठवावे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास तेथे गेले, तेव्हा त्यांस राहावयास कोठे जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहाच्या वहीत त्यांना पारशी नाव लिहून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालविले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या वहीतील खोट्या नावाबद्दल डॉ. आंबेडकरांस असत्यवादी म्हणणारा मनुष्य निघाला तर त्याच्या सत्यप्रीतीविषयी आम्हांस शंका येईल. पाटीवरच्या नियमांत जे असत्य होते ते वहीत केवळ उतरले.

यावर कोणी म्हणेल, की मग सरकारी खिडकीचे काय? तेथे तर जात स्पष्ट शब्दांत विचारतात. खरे आहे. पहिल्या आठवड्यात जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला यांच्या प्रतींचा गठ्ठा हाती घेऊन रांगेत उभी असलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावयास नको. जातीचे दाखले व त्यांची पडताळणी यांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, तो २००० सालचा. परंतु खिडकीवरचा प्रश्न आणि बाकावरचा प्रश्न यांत एक मोठा भेद आहे. खिडकीवर उत्तर दिले की विचारणाऱ्यावर काही कर्तव्य येते: शुल्क माफ करणे, शिष्यवृत्ती देणे, वसतिगृहात जागा राखणे. बाकावर उत्तर दिले की विचारणाऱ्यावर काहीच येत नाही. जे काय येते ते उत्तर देणाऱ्यावर. एके ठिकाणी उत्तराने हक्क मिळतो, दुसऱ्या ठिकाणी असलेला जातो. मग तेच उत्तर दोन्ही ठिकाणी सारखेच देणे आहे असे कसे मानावे? ज्या मुलाने सकाळी खिडकीवर आपला दाखला दिला आणि दुपारी बाकावर मौन धरले, त्याने दोन तोंडांनी व्यवहार केला असे म्हणणारे लोक आहेत. ‘सवलत घेताना लाज नाही, सांगताना लाज’, हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असते. हक्क आणि कुतूहल यांतील अंतर न कळल्याचे ते लक्षण आहे. प्रवेशाच्या याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापून त्या भिंतीवर लावण्याची रीत मात्र खिडकीचे उत्तर उचलून बाकावर आणून टाकते, आणि मुलाने मौन धरले तरी भिंत त्याच्या वतीने बोलते.

येथपर्यंत आम्ही नवागताचा पक्ष घेतला. परंतु प्रत्येक लपवणूक याच जातीची नसते, आणि येथे आमचा सूर थोडा बदलतो. समजा, त्या सातपाटीच्या मुलीची आई बाजार आटोपून पाटी घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आली. फीची राहिलेली रक्कम द्यावयाची होती, किंवा नुसते कॉलेज पाहावयाचे होते. मैत्रिणींनी विचारले, ‘कोण गं?’ आणि मुलगी म्हणाली, ‘आमच्या शेजारच्या काकू.’ हे उत्तर मघाच्या उत्तरांसारखे दिसते, पण ते तसे नाही. ‘विरारच्या पुढे’ असे म्हटल्याने बोईसरचे काही बिघडत नाही. येथे ज्या किमतीने मुलीने आपली अडचण टाळली ती किंमत तिने भरली नाही. ती फाटकाशी उभ्या असलेल्या बाईने भरली, आणि तिला विचारल्यावाचून. मुलगी सतरा वर्षांची आहे, चार दिवसांपूर्वी या जगात आली आहे, तिला क्षमा करावी, आम्हीही करतो. पण क्षमा करावयाची म्हणजे काहीतरी घडले आहे हे आधी मान्य करावे लागते.

याही बाबतीत कर्णाकडे पाहावे. आदिपर्वातील शस्त्रपरीक्षेच्या प्रसंगी त्याला कुळ विचारले गेले, दुर्योधनाने तेथल्या तेथे अंगदेशाचा अभिषेक केला, आणि तोच रंगमंडपात अधिरथ आला. घामाघूम झालेला, काठीचा आधार घेतलेला, अंगावरचे वस्त्र सरकलेले. इतक्या राजांच्या समोर कर्णाने धनुष्य खाली ठेवले आणि अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवावयास तो वाकला. त्या वेळी अधिरथाने आपले पाय वस्त्राच्या टोकाने झाकून घेतले, असे व्यासांनी लिहिले आहे. मुलाच्या वैभवासमोर आपले पाय दिसू नयेत अशी ही बापाची धडपड ज्यांनी वसतिगृहांच्या दाराशी पाहिली आहे त्यांना हा तपशील वाचून पुढे जाववत नाही. भीमाने तत्काळ टोमणा मारला, की तू आता चाबूकच हाती घे. टोमणा बसणार हे कर्णाला ठाऊक नसेल काय? पुढे उद्योगपर्वात कृष्णाने त्याला त्याचे खरे जन्मकुळ सांगून राज्य देऊ केले, तेव्हाही ज्या राधेने आपले मलमूत्र काढले तिला सोडणे होणार नाही, असे त्याने सांगितले. म्हणजे ज्याने परशुरामाला खोटे गोत्र सांगितले त्यानेच भर सभेत सूताला बाप म्हटले, आणि खरे गोत्र हाती आले असता ते परत केले. नीतिपाठांतून आपण याला विसंगती म्हणतो. आम्हांस ती विसंगती वाटत नाही. दाराशी बसलेल्याचे आपण काही लागत नाही, वाढविणाऱ्याचे लागतो.

दोन्ही जगे उघडपणे एकत्र नांदविणारे कोणी झालेच नाहीत असे नाही, आणि पालघरला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. येथील महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते ते सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८) हे केळवे-माहीमचे. पुण्यास सर परशुरामभाऊ कॉलेजात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. त्याच वेळी ते वारकरी होते, कीर्तने करीत, पंढरीची वाट चालत. ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ असे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे, आणि त्या नावातील ‘आणि’ हा शब्द त्यांच्या आयुष्याला चांगला शोभतो. कॉलेजात आल्यावर टाळ घरी ठेवून यावा लागतो असे त्यांना वाटले नाही. विद्यार्थ्यांसमोर हा आदर्श ठेवण्यास आमची हरकत नाही. परंतु दांडेकर हे आडनाव कोणत्याही दारात अडत नव्हते, आणि टाळाची किंमत पुण्याच्या विद्वत्समाजात कमी लेखली गेली तरी तिला प्रतिष्ठेचा आधार होता. ज्याच्याजवळ हा आधार आहे त्याने आपले घर उघड केले तर ते शोभते. ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडून तेच धैर्य मागणे म्हणजे एका मापाने दोघांस मोजणे होय. सोनोपंतांकडून वारली मुलाने काही शिकण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसलेल्याने शिकावे असे पुष्कळ आहे.

कारण या आठवड्याचे खरे कर्तव्य येणाऱ्यावर नाही. आधीपासून बसलेल्यांवर आहे. कायद्याने ही गोष्ट थोडीबहुत ओळखली आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ साली आले. आणि २०१६ साली त्यांत दुरुस्ती होऊन जात, धर्म, वर्ण यांच्याबरोबर प्रांत, भाषा, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण व आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ, आणि वगळणेसुद्धा, रॅगिंगच्या व्याख्येत घालण्यात आले. म्हणजे ‘तू कुठला?’ हा प्रश्न कोठे जाऊन पोहोचतो हे कायदा करणाऱ्यांस कळले होते. पण कायदा छळापाशी सुरू होतो. त्याच्या अलीकडे भुवई वर जाणे, उत्तर ऐकून ‘अच्छा’ म्हणणे आणि डबा खाताना बाक बदलणे असा मोठा मुलूख पडलेला आहे, व तेथे कोणत्याही समितीला तक्रार घेता येत नाही.

नव्या वर्गाची ओळख करून घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. प्राध्यापकाला साठ-सत्तर अनोळखी चेहऱ्यांसमोर काही तरी विचारावेच लागते. पण विचारण्यापूर्वी त्याने स्वतःला एवढे पुसावे, की हे उत्तर ऐकून आपण काय करणार आहोत. पूर्ण नाव, गाव आणि वडिलांचा धंदा यांच्या ऐवजी ‘आज किती वाजता निघालात, आणि कशाने आलात?’ असे विचारणारा शिक्षक पालघरच्या वर्गात एका तासात पुष्कळ शिकेल. मोखाड्याची एसटी पहिल्या तासाला पोहोचत नाही हे त्याला कळेल. बोईसरच्या कोणत्या मुलाचा बाप रात्रपाळीहून येईपर्यंत मुलाला धाकट्या भावंडांपाशी थांबावे लागते हे कळेल. वसतिगृहाच्या जेवणाची वेळ आणि प्रात्यक्षिकाची वेळ एकच आहे हेही कळेल. या उत्तरांतूनही कोण कुठला हे ज्याला ताडावयाचे आहे तो ताडीलच, याविषयी आमचा भ्रम नाही; एसटीने येणारा कोण आणि वसाहतीच्या बसने येणारी कोण हे ओळखावयास मोठी बुद्धी लागत नाही. पण त्यातल्या प्रत्येक उत्तराने विचारणाऱ्याच्या टेबलावर एकेक काम येऊन पडते: पहिला तास अर्ध्या तासाने पुढे नेणे, हजेरीत सूट देणे, वसतिगृहाच्या अधीक्षकास चिठ्ठी लिहिणे. जुलैच्या पावसात वैतरणेकडे रुळांवर पाणी आले म्हणजे तर गाडीने येणारा निम्मा वर्ग एकदमच उशिरा येतो, ओल्या पायांनी, आणि त्या दिवशी हजेरी कशी घ्यावी हे प्राध्यापकालाच ठरवावे लागते.